मानाचा पेला

एका राज्यात रिपुंजय नावाचा राजा होता. शूर होता, प्रेमळ होता; पण पूर्वजांची रीत म्हटली की डोळे मिटून मान डोलावणारा. रीत अशी की पौषाच्या पुनवेला दरबाराच्या दारेखिडक्या लावायच्या, एका शेगडीभोवती सर्वांनी दाटीवाटीने बसायचे आणि एकाच सोन्याच्या पेल्यातून ऊन दूध प्यायचे. पहिला घोट राजाचा. मग पेला तोंडातोंडी फिरे. नाही म्हणेल तो राजद्रोही.

पेला होता शीतकेतू मांत्रिकाच्या खजिन्यातला. राजाच्या आजोबांनी त्याला मारून तो आणला. मरताना मांत्रिक म्हणाला होता, "पेला न्या. मागून मी येतोच." कोणी ऐकले नाही. सोने दिसले की माणसाचे कान बंद होतात.

तेव्हापासून दर पुनवेनंतर शिंका सुरू होत, मग ताप, मग छातीत घरघर. माघ लागेपर्यंत कितीतरी पाळणे रिकामे होत. लोक म्हणत, थंडीचा कोप. आणि खिडक्या आणखी घट्ट लावून घेत.

त्या वर्षी धाकटी राजकन्या वल्लरी पाच वर्षांची झाली. पाचव्या वर्षी पेला ओठी लावायचा. थोरली तो पिऊनच गेली होती. राणी मदयंती फार भ्याली.

एके सकाळी बागेत भारद्वाज पक्षी बोलला, "राणी, शीतकेतूला देह नाही, म्हणून तो तुमच्या देहांतून चालतो. त्याच्या वाटा तीन. हाताची, कोंडल्या हवेची, उष्ट्या पेल्याची. तिन्ही मोड."

राणी रिठ्यांच्या बनात गेली. झाडे म्हणाली, "हात दाखव." तिने तळवे उघडले, तर त्यांवर करडी बोटे वळवळत होती. ज्याला ज्याला तिने शिवले, त्याची त्याची. तिने फेस काढून हात चोळले, तेव्हा ती बोटे किंचाळत गळून पडली. ओटीभर रिठे घेऊन ती परतली आणि दरबाराच्या दाराशी रिठ्याच्या पाण्याचे घंगाळ ठेवले.

पुनवेला वल्लरीला घोंगडीत गुंडाळून ती दरबारात आली आणि खिडक्या उघडू लागली. पडद्यामागून थोरलीचा आवाज आला, "आई, लाव ना. मला थंडी वाजते." राणी रडली. रडत रडत तिने एकूण एक खिडकी उघडली.

राजा सकाळपासून खोकत होता. त्याने पेल्यातून घोट घेतला आणि पेला वल्लरीपुढे धरला. राणी मध्ये उभी राहिली.

"महाराज, उष्टे देऊ नका."

"रीत आहे, राणी."

"थोरलीच्या वेळीही होती."

राजाने पेल्यात पाहिले. दुधात एक करडे तोंड तरंगत होते. ते म्हणाले, "दे. बाप ना तू? आपल्या हाताने दे."

राजाच्या अंगावर काटा आला. तोच वल्लरीने हात पसरले. "बाबा, उचलून घ्या."

त्याला उबळ आली. त्याने तोंड फिरवले, उपरण्यात खोकला आणि मागे सरला. "आज नाही, बाळ. तिथेच थांब." असे म्हणून त्याने पेला शेगडीत टाकला. सोने लहान मुलासारखे रडले, वितळले आणि करडा धूर उघड्या खिडकीतून निघून गेला. शाप सुटला.

राजा बरा होईतो निराळ्या दालनात राहिला. वल्लरी अंगणापलीकडून त्याला दिवसभराच्या गोष्टी ओरडून सांगे. राणी रोज भिऊन त्याचा खोकला ऐके. तो थांबला, तेव्हा राजाने दवंडी पिटवली की ज्याने त्याने आपले फुलपात्र आणावे आणि आजाऱ्याने घरी राहावे, तो राजद्रोह नव्हे.

मग त्याने रिठ्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि मुलीला उचलले.

"बाबा, तुमच्या हातांना कडू वास येतो."

"येऊ दे," राजा म्हणाला, आणि थोरलीच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले.

त्यांच्या घरात ऊब राहिली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरात राहो.