एकशे अठ्ठ्याहत्तर अंश

"...पण खरं उत्तर एकच असतं ना, माई? मग पोरीला वर्गाबाहेर काढलं, यात माझं काय चुकलं?"

मठाच्या अंगणात ज्वारी वाळत घातली होती, तिच्यावरून माई हात फिरवत राहिल्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. चाळीस वर्षं गणित शिकवून त्या इथं येऊन राहिल्या होत्या, आणि तालुक्यातले निम्मे मास्तर अजूनही कुठं अडलं की हीच टेकडी चढत.

शलाका त्यांचीच विद्यार्थिनी. आता स्वतः सातवीला गणित शिकवणारी, नोकरीला लागून तीन महिने झालेली, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेली.

झालं होतं ते असं. सोमवारी शाळा तपासायला साहेब आले. शलाकानं प्रत्येकाला एक त्रिकोण काढून त्याचे कोन मोजायला लावले. बेरीज किती? सगळा वर्ग एका सुरात एकशे ऐंशी म्हणाला. एकटी पारमी उभी राहिली. बाई, माझी एकशे अठ्ठ्याहत्तर आली. पुन्हा मोज म्हटलं, तर पुन्हा तेच. बरं, वहीत एकशे ऐंशी लिही म्हटलं, तर म्हणाली, आलं नाही ते कसं लिहू?

साहेब हसले. ते हसू शलाकाच्या कानाला चिकटून बसलं. तिनं पारमीला दाराबाहेर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी आत ये म्हटलं, तर पोरगी येईना. माझं कुठं चुकलं ते सांगा, मग येते. तेव्हापासून चार दिवस गणिताच्या तासाला ती दाराबाहेर उभी होती, वही छातीशी धरून. हेडसरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पोरीनं माफी मागितली नाही, तर बापाला बोलावून दाखला हातात ठेवणार होते.

मोठ्या माणसांना मुदती देता येतात, उत्तरं देता येत नाहीत, हे शलाकाचं जुनं मत. या वेळी उत्तर तिलाही देता येत नव्हतं, आणि तेच झोंबत होतं.

"मी पुरावा आणलाय," ती म्हणाली.

तिनं पिशवीतून वही काढली. चार संध्याकाळी बसून तिनं तीनशे त्रिकोण काढले होते. सुळक्यासारखे उभे, ताटलीसारखे पसरट, सगळ्या तऱ्हेचे. एकेकाचे कोन मोजून बेरजा मांडल्या होत्या. उद्या ही वही ती पारमीच्या पुढ्यात टाकणार होती.

"वाच," माई म्हणाल्या.

शलाका वाचू लागली. एकशे ऐंशी. एकशे ऐंशी. एकशे ऐंशी...

"जप करतेस का गं?"

शलाका थांबली.

"एकही चुकला नाही?"

"कोनमापक हलतो, माई. पेन्सिलीचं टोक जाड असतं. एखादा अंश इकडेतिकडे होतो. तो मी... बरोबर केला."

"किती ठिकाणी?"

चिमण्या ज्वारी टिपत होत्या. शलाकानं त्यांना हाकललं. मग एकही उरली नव्हती, तरी पुन्हा हाकललं.

"बऱ्याच."

माईंनी बोटानं ज्वारीत तीन रेघा ओढल्या. दाणे घरंगळले. एक बाजू पोटात गेली, एक टोक उघडंच राहिलं.

"हा त्रिकोण."

"वाकडा आलाय, माई."

"असू दे. वरच्या टोकातून पायाला समांतर रेघ काढ."

शलाकानं काढली, आणि तिचं बोट तिथंच थांबलं. खालचे दोन्ही कोन वर येऊन त्या रेघेला टेकले होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे टोकाचा कोन. तिघं मिळून एक सरळ रेघ. मोजायला काही उरलंच नव्हतं.

नववीत असताना तिनं हे पाठ केलं होतं. परीक्षेत पूर्ण गुणही मिळवले होते. तीनशे त्रिकोण काढताना मात्र एकदाही आठवलं नव्हतं.

"हे तर मला येतं," ती हळूच म्हणाली.

"येत होतं."

माईंनी तळहात फिरवला. ज्वारी सपाट झाली.

"आता मोज."

शलाकानं त्या सपाट ज्वारीकडे बघत विचारलं, "मग तिचे एकशे अठ्ठ्याहत्तर?"

"तिनं मोजलं. तू?"

शलाका उठली. वही पिशवीत कोंबली. उद्या फळ्यावर हीच रेघ काढीन, म्हणाली, आणि दाखल्याचं हेडसरांशी मी बघून घेते. तरतरा निघाली. पायऱ्यांपाशी गेल्यावर मात्र तिला राहवेना. ती वळली.

"पण माई, तीनशे त्रिकोण काय फुकट गेले? तीनशे एकावाही एकशे ऐंशीच भरला असता."

माई चिमण्यांसाठी मूठभर दाणे बाजूला करत होत्या.

"तीनशे एकावा," त्या म्हणाल्या, "चार दिवस तुझ्या दाराबाहेर उभा आहे."