कोवळ्या भेंडीचे पाच दिवस

एकदा एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य यांच्यात भेंडीवरून मतभेद झाला.

वैद्य गावाबाहेर एक आश्रम चालवीत. दीर्घ आजारातून उठलेली चाळीसेक माणसे तिथे पथ्यावर राहत. कोठीचा कारभार शिष्याकडे होता, आणि आश्रमाला भाजी पुरवण्याचा वर्षभराचा मक्ता कोणाला द्यायचा, हे त्या सकाळी ठरायचे होते.

दोन टोपल्या समोर होत्या. एक गावातल्या बड्या व्यापाऱ्याची; आजवर आश्रमाची भाजी त्याच्याच मळ्यातून येत होती. भेंडी एका मापाची, तुकतुकीत, एकही डाग नाही. दुसरी गिरजाबाईंची. त्या शेणखतावर पिकवत, अळी हाताने वेचत आणि फार झाले तर निंबोळीचा अर्क शिंपडत. त्यांची भेंडी लहानमोठी, काही वाकडी. आश्रमाने या वेळी नाकारले, तर पुढच्या हंगामापासून आपणही सगळ्यांसारखी फवारणी करणार, असे त्यांच्या मुलाने बजावले होते. तसे त्यांनी शिष्याला सांगितलेही.

शिष्याने दोन्ही टोपल्यांतल्या भेंडीचे शेंडे मोडून पाहिले. दोन्ही कोवळ्या. मग तो म्हणाला, “बाई, रुग्णांपुढे असली किडकी-वाकडी भाजी कशी ठेवायची?”

“वाकडी हाये, पर किडकी कुठं हाये? दावा की!” गिरजाबाई उसळल्या. “अन् पोटात गेल्यावर सरळ-वाकडं कोण बघतं, दादा?”

व्यापारी हसला. “मावशी, हल्ली फवारल्याशिवाय शेती होत नाही. उगीच हट्ट.”

वैद्यांनी दोघांचेही ऐकून घेतले. मग व्यापाऱ्याला विचारले, “फवारणी कधी आहे?”

“उद्याच.”

“ठीक. शिष्या, उद्यापासून तू शेटजींच्या बांधावर बस. औषधाच्या डब्यावर किती दिवस थांबायला लिहिले आहे ते वाच आणि तेवढे दिवस कोणालाही एक भेंडी तोडू देऊ नकोस. पहिली तोड होईल ती टोपली घेऊन ये. मक्ता तेव्हा ठरेल.”

शिष्याला हा अपमान वाटला. शास्त्र शिकायला आलेल्या माणसाने भेंडीची राखण करायची? पण गुरूची आज्ञा होती. व्यापाऱ्याने मात्र आनंदाने मान्य केले. त्याने तो डबा जन्मात वाचला नव्हता.

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते: फवारणीनंतर सात दिवस तोडणी करू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा मुकादम मजूर बायका घेऊन तोडणीला आला. शिष्य आडवा आला.

“महाराज, सरका. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते.”

“डब्यावर सात दिवस लिहिले आहेत.”

“डबा वाचून कोण शेती करतं? भेंडी काय नवरी आहे, मुहूर्ताची वाट बघत बसायला? उद्या जून होईल, परवा तिचा दोर वळा!”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिष्य जागचा हलला नाही. पण त्या दिवसापासून तो भेंडी न्याहाळू लागला. बोटाएवढी होती ती वितीएवढी झाली. धारा उठल्या, साल राठ झाली.

आठव्या दिवशी टोपली आश्रमात आली. स्वयंपाकीणबाईंनी एक भेंडी उचलली आणि शेंडा मोडू लागल्या. तो वाकला, चुरगळला, पण मोडेना. “अगं बाई, ही चिरायला कुऱ्हाड लागेल!” त्या म्हणाल्या. तळाशी मूठभर कोवळ्या निघाल्या, नंतर उमललेल्या फुलांच्या. बाजूला गिरजाबाईंची त्याच सकाळी तोडलेली टोपली होती. तिच्यातली प्रत्येक भेंडी कट्‌कन मोडत होती.

“गुरुजी, हा अन्याय आहे,” व्यापारी संतापला. “भेंडी दोन दिवसांपलीकडे थांबत नाही, हे पोरसोरसुद्धा सांगेल!”

“हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचे होते,” वैद्य शांतपणे म्हणाले. “भेंडी दोन दिवस थांबते. विष म्हणते, सात दिवस थांबा. आजवर तुमची भेंडी आमच्या ताटात कोवळी आली. मग मधले पाच दिवस कोणाच्या पोटात गेले?”

व्यापारी पुटपुटला, “सगळेच असे करतात. आणि हिची भाजी खाऊन कोणी अमर झालाय का?”

“नाही झाला. अमर करण्याचा धंदा माझा नाही. दुबळ्या देहाला अन्न पचवण्याचेच श्रम पुष्कळ असतात. त्यावर विषाचा भार नको, एवढे मी पाहतो. शिष्या, पथ्याच्या यादीत आपण तेल लिहिले, तिखट लिहिले, आंबट लिहिले. विष लिहायला विसरलो. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तू भाजी डोळ्यांनी निवडत होतास.”

शिष्याने मान खाली घातली.

“असा नियम पाळला, तर बाजारात कोवळी भेंडी दिसणारच नाही!” व्यापाऱ्याने शेवटचा वार केला.

वैद्यांनी गिरजाबाईंच्या टोपलीकडे बोट दाखवले. “ही काय, दिसते आहे.”

आवारात जमलेले रुग्ण मोठ्याने हसले. महिनोन्‌महिने ज्यांच्या घशातून नीट शब्द फुटत नव्हता, तेही हसले. शिष्याने तिथल्या तिथे मक्त्याचा कागद पुढे ओढला आणि स्वतःच्या हाताने गिरजाबाईंचे नाव घातले.

“बाई, एका वर्षाचा लिहू?”

“ल्हिवा की. अन् खाली हेबी ल्हिवा, की गिरजाबाईच्या वावरात कुणीबी, अगदी पोटचा पोरगाबी, फवारणार न्हाई. वाचून दावते त्याला.”

व्यापारी निघून गेला. मुकादम मात्र फाटकाशी घुटमळत राहिला. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, “मावशी, तो निंबोळीचा अर्क कसा करता? घरी पोरं आहेत माझी. तीही ही फवारलेलीच भेंडी खातात.”

गिरजाबाई टोपली बाजूला सारून त्याच्याजवळ बसल्या आणि सांगू लागल्या. शिष्यही शेजारी जाऊन बसला.

वाचकहो, उद्या भाजी घेताना शेंडा खुशाल मोडा. पण भाव विचारण्याआधी एवढे विचारा, की फवारणी कधी केली होती?