रिकाम्या दाराची गुणगुण

यंत्रांच्या पोटातले भाग अजून एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. बाळाचा आवाज स्वयंपाकघरातल्या आईपर्यंत पोचवणारं एक यंत्र पाळण्याशेजारी होतं आणि त्यात श्रावी नावाची चिप राहायची. आवाज आत घ्यायला तिला दोन दारं होती. एकाला माईक जोडलेला होता. दुसऱ्याला काहीच नव्हतं, तरी श्रावीने दोन्हींना वीज देऊन ती सताड उघडी ठेवली. न जाणो, बाळ त्या बाजूने रडलं तर?

रिकाम्या दारातून घूंऽऽ अशी गुणगुण येऊ लागली. श्रावी घाबरली आणि त्यातूनही बाळ ऐकू यावं म्हणून तिने आवाज आणखी वाढवला. दुपारी बाळ खरंच रडलं, पण ते रडणं गुणगुणीत बुडालं. आईला पत्ताच नाही.

"अगं बाई, बाळ कधीचं रडतंय!" माईकभाऊ ओरडले. "तुझं लक्ष कुठंय?"

"दोन्हीकडे कान लावून बसलेय की!"

"त्या दाराला तार तरी आहे का?" वीज वाटून देणाऱ्या काकू म्हणाल्या. "माझी वीज खाऊन नुसतं कण्हतंय मेलं. बंद कर बघू."

श्रावीने मन घट्ट करून त्या दाराची वीज तोडली. गुणगुण थांबली, रडणं स्वच्छ पोचलं. आई धावत आली आणि बाळाला थोपटून गेली.

मग सगळं शांत झालं. श्रावीचा जीव पुन्हा खालीवर.

"भाऊ, काहीच ऐकू येत नाही हो! ते दार उघडू का जरासं?"

"झोपलंय गं ते," माईकभाऊ हळूच म्हणाले. "झोप अशीच ऐकू येते."