ठिपकीचा नेम

फार मागे एका माळावर ठिपकी नावाच्या तित्तरीने नेम केला होता, की ‘ये गं, ये’ ही हाक पुन्हा द्यायची नाही.

मोकळ्या रानात त्या हाकेचा अर्थ ‘दाणे सापडले’ असा होता. पण शिकाऱ्याने ठिपकीला पिंजऱ्यात कोंडलं, भोवती फास मांडले. एकटेपणाने तिने तीच हाक मारली. धाकटी बहीण धावत आली आणि फासात अडकली.

“ताई, तूच बोलावलंस ना गं?”

“हाक माझीच, बाई. अर्थ मात्र शिकाऱ्याचा झाला.”

त्या दिवसापासून ठिपकी गप्प झाली. शिकाऱ्याने दाणे बंद केले, तरी नेम मोडला नाही. शेवटी त्याने शेजारी दुसरी तित्तरी आणून ठेवली. ती चोच उघडणार, तोच ठिपकी क्षीण आवाजात म्हणाली, “पोरी, देवाला स्मरून तूही एवढा नेम कर.”