अंगठ्याची खूण

"मग ऑक्साइड अजून लावू की नको, भंते?"

भंते धम्मसारांनी वाटीकडे बघितलं.

उत्पलच्या हातात वाटी होती. वाटीत पाण्यात कालवलेलं सेरियम ऑक्साइड, फिकट गुलाबी, उटण्यासारखं. विहारामागच्या खोलीत पावसाळाभर खपून त्याने दुर्बिणीचा आरसा घडवला होता.

"हे काचेला काय करतं?" भंतेंनी विचारलं.

"पाठ आहे मला. कुरुंदाची पूड काच ओरखडते. हे ओरखडत नाही. पाण्यात काचेला धरतं आणि वरचा कणभर थर घेऊन जातं. म्हणून चकाकी येते."

"नेलेलं परत आणतं?"

"...नाही."

बाहेर जागेश्वरच्या जीपचा हॉर्न वाजला.

"ओ उत्पलभाऊ! आरसा देता का जाऊ मी? जंगलात अंधार होते मंग!"

उद्या पुनवेला दूरच्या आश्रमशाळेतली मुलं चंद्र बघणार होती. उत्पलच्या आरशातून. तसं त्याने सगळीकडे सांगूनही ठेवलं होतं.

उत्पल आरसा तपासायला वाकला. समोर आरशातून परतणारा उजेडाचा एक ठिपका, डोळ्यापुढे ब्लेडची धार. अशा तपासणीत आरशातला केसाहून बारीक दोषही डोंगराएवढा दिसतो.

"मध्ये उंचवटा आहे, भंते. आत्ता घासून काढतो. नाहीतर चंद्र धड दिसायचा नाही."

भंते उठले. त्यांनी कपाटातून स्वतःचा आरसा काढला. त्याला कुणी हात लावत नसे. तो त्यांनी ठिपक्यासमोर ठेवला.

"बघ."

"निर्दोष आहे."

भंतेंनी काचेच्या मधोमध अंगठा टेकवला.

"भंते! अहो, काय करताय!"

अंगठा तसाच... मग उचलला.

"आता बघ."

"उंचवटा! केवढा... माझ्या आरशातल्यापेक्षा मोठा."

"वाटी आहे ना हातात? घास."

"तुमचा आरसा?"

"दोष दिसतोय ना? घास."

उत्पलने बोटं वाटीत बुडवली. एकदा खात्री करावी म्हणून तो पुन्हा ब्लेडमागे वाकला... आणि वाकूनच राहिला.

उंचवटा खाली खाली जात होता. बघता बघता नाहीसा झाला.

"तुमच्या अंगठ्याच्या उबेने काच फुगली होती..." तो पुटपुटला.

मग त्याने स्वतःच्या आरशाला हात लावला. सकाळपासून घासलेली काच अजून कोमट होती. आत्ता घासलं असतं, तर निवल्यावर तिथे खड्डा राहिला असता. कायमचा.

"उत्पलभाऊ! शेवटचं विचारतो!"

त्याने वाटी खाली ठेवली. ओठ चावला.

"जा तू, जागेश्वर. पोरांना सांग..."

जीपचा आवाज झाडीत विरला. उत्पलने डोळे पुसले आणि तो पुन्हा आरशाजवळ जाऊन बसला, इतका जवळ की त्याचा ऊन श्वास काचेवर पडत होता.

"माझा उंचवटा उतरायला किती वेळ लागेल, भंते?"

भंतेंनी दार उघडून धरलं.

"तू खोलीतून गेलास, की सांगतो."