पाठ झालेली गुहा

फार जुनी गोष्ट. एका डोंगराच्या गुहेत सुंद्री आणि तिचा नवरा झिपरू ही दोन वटवाघळे राहत. वटवाघळे अंधारात बारीक आवाज काढतात आणि तो कसा परत येतो त्यावरून वाट ओळखतात. झिपरूने ते केव्हाच सोडले होते. गुहा त्याला पाठ होती.

पुढे गुहेच्या तोंडाशी वडाची जाड पारंबी उतरली. झिपरू तिच्यावर आपटला आणि त्याचा पंख फाटला.

"अहो, आवाज काढत जा," सुंद्री म्हणाली. "पुन्हा आपटलात तर पंख जाईल. मग पोट कसं भराल?"

"आता पारंबीही पाठ झाली गं."

एका वादळात ती पारंबी तुटून पडली. झिपरू मात्र तिथे नेहमीसारखा वळला आणि भिंतीवर आदळला. पंख आणखी फाटला.

सुंद्री पार वैतागली. "असलेल्या पारंबीवर आपटलात, ते एक वेळ समजू शकते. नसलेल्या पारंबीला वळसा घालून आपटणारे तुम्हीच. तुम्ही या गुहेत राहता की डोक्यातल्या?"

झिपरू ओशाळला. दुसऱ्या संध्याकाळी तो आवाज काढत सरळ बाहेर पडला.

तेवढ्यात आत सुंद्रीला स्पष्ट धप्प ऐकू आले.

"आपटलात ना? सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"मी केव्हाचा बाहेर आहे," झिपरू बाहेरून म्हणाला. "कुणीच आपटलं नाही, काही पडलंही नाही."

सुंद्रीने एक बारीक आवाज काढला आणि तो परत येईपर्यंत नीट ऐकत थांबली.