वेसूच्या सड्यावर ‘येतो’ म्हणत नाहीत

एका बाईची हाक मी लहानपणी ऐकली होती. गुरं वळवून आणायला सड्यावर गेलो होतो आणि दिवस बुडायला टेकला होता. हाक पश्चिमेकडून आली. तिकडे कडा आहे, कड्याखाली समुद्र, घर एकही नाही. हाकेतलं नाव कळलं नाही, पण लांबवलेला सूर ओळखीचा होता. जेवण निवत असलं की आया तशीच हाक मारतात. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “ओ दिलास काय?” मी नाही म्हटलं. “बरं केलंस,” ती म्हणाली आणि मला वाढलं.

टिटवी असेल, असं पुष्कळ जण म्हणतात. असेलही.

आमच्या वाडीच्या वरचा हा सडा म्हणजे नुसता जांभा कातळ. त्यावर कोरलेली चित्रं आहेत, ती बघायला हल्ली माणसं येतात. चित्रं गोल मांडलेली आहेत. एक आडवी म्हैस आहे, एक बिनपायाचा माणूस, एक काटेरी बाई, आणि दोन्ही हात वर केलेला एक जण. रिंगणात एक जागा मोकळी आहे. तिथं कातळ गुळगुळीत आहे, कुणी फार वेळ बसून राहावं तसा.

परवा पुण्याहून तिघं आली होती. त्यांतली तेजल नावाची मुलगी बोलकी होती. ती म्हणाली, “आजोबा, आम्हाला देव बनवायचेत.”

मी म्हटलं, “मूर्ती होय?”

“मूर्ती नाही. आमचा एक खेळ आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, फासे टाकून पुढं काय होतं ते ठरतं. एक अख्खं जग आहे आमचं. त्याला देवच नाहीत अजून. ते जग कसं झालं, तेही ठरलेलं नाही.”

“आधी जग केलंत आणि देव मागनं?”

ती हसली. मग म्हणाली, “ज्यानं ते जग सुरू केलं तो निनाद गेल्या वर्षी वारला. देवांचं काम त्याच्याकडं होतं. आम्ही खेळतो अजून. त्याची खुर्ची तशीच ठेवतो. आता वाटतं, त्यालाच त्या जगातला एक देव करावा, म्हणजे खेळ चालू राहील.”

मला खेळातलं काही कळत नाही. पण खेळात देव कसे होतात, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांना रिंगणाजवळ बसवलं आणि वेसूचं सांगितलं.

फार मागं, असं सांगतात, या सड्यावर वाडीतली पोरं गुरं घेऊन यायची. देवळाच्या गाभाऱ्यात पोरांना जाऊ देत नसत. तेव्हा धाकू म्हणून एक पोरगा होता, तो म्हणाला, “आपण आपले देव करू. आपलं जगपण करू.”

“आधी काय होतं?” कुणीतरी विचारलं.

“आधी सडाच होता,” धाकू म्हणाला. सड्याखेरीज त्यानं फारसं काही बघितलं नव्हतं. “सड्यावर आभाळाएवढी एक म्हैस लोळत होती. तिनं उठून अंग झाडलं. चिखल उडाला, त्याचे डोंगर झाले. तिनं पिऊन उरवलं तो समुद्र.”

“आणि माणसं?”

“तिच्या अंगावरच्या गोचड्या.”

पोरं खूप हसली म्हणे. मग ज्यानं त्यानं आपापला देव काढला, कठीण दगडानं कातळावर ठोकून. वारा कधी बसत नाही म्हणून त्याच्या देवाला पाय दिले नाहीत. करवंदं राखायला काटेरी बाई झाली. धाकूनं हात वर केलेला देव काढला आणि त्याला काम दिलं मावळता दिवस धरून ठेवायचं. रात्र झाली की खेळ मोडून घरी जावं लागतं. म्हणून त्यांच्या जगात त्यांनी रात्र केलीच नाही. पोरांना ते फार शहाणपणाचं वाटलं.

त्यांच्यात वेसू म्हणून एक मुलगी होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “माझी देवी संध्याकाळची हाक मारणारी.”

“हाकेला देवी कशाला गो?” एकानं चिडवलं. “आई मारते की.”

मग तोच ओशाळला. वेसूची आई त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास वारली होती.

वेसूनं देवीचं चित्र काढलं नाही. “ती दिसत नाय,” म्हणाली, “नुसती ऐकू येते,” आणि ती आपल्या जागी बसली.

देव झाले, तर नैवेद्य हवा. पोरांनी फडक्यातली भाकर सोडली, सगळी देवांपुढं ठेवली आणि स्वतः उपाशी राहिली. देव खेळातले होते, पण भाकर खरी होती आणि भूकही खरी होती. म्हणून ते देव जागे झाले, असं आमच्याकडं मानतात.

त्या संध्याकाळी दिवस समुद्राला टेकला आणि तिथंच राहिला. वारा सुटला तो बसेना. आणि कड्याकडून हाक आली, “वेसू, ये गो.”

वेसूच्या आईचाच आवाज. सगळ्यांनी ऐकला.

आधी पोरांना मजा वाटली. मग गाई हंबरायला लागल्या, त्यांचे सड तटतटले. घराघरातली तान्ही पोरं रडायला लागली. उजेड जाईना, म्हणून त्यांना झोप येईना. कोंबड्या खुराड्याच्या दारात नुसत्या उभ्या. दिवा लावायचा की नाही, हे बायकांना समजेना. गुरव वर आला, नारळ फोडून बघितला, काही झालं नाही. तो म्हणाला, “हे माझे देव नव्हेत. ज्यांनी केले त्यांनीच मोडावेत.”

पोरांच्या खेळाची रीत अशी होती. उठताना ‘येतो’ म्हटलं तर जागा राखली जायची आणि खेळ चालू राहायचा. सगळे न सांगता उठून गेले, तरच खेळ मोडायचा. एकेक पोर गुपचूप उठून खाली गेलं. दिवस काही हलला नाही. रिंगणात एकटी वेसू बसून होती. हाक येत होती आणि ती ऐकत होती.

धाकू परत वर आला. रिंगणाच्या बाहेरच उभा राहिला.

“वेसू, चल.”

“ती हाक मारतेय.”

“मला ऐकू येतं.”

“मी गेले तर थांबेल.”

धाकूनं खाली वाडीकडं बघितलं. तो म्हणाला, “माझी धाकटी भैण रडून रडून गप झाली. डोळे उघडेच आहेत तिचे. झोप कशी करायची ते मला येत नाय.”

आणि तो खाली गेला.

वेसू उठली. कड्याकडं तोंड करून म्हणाली, “येते गो आई,” आणि वाडीच्या वाटेला लागली. पण दिवस होता तिथंच. वारा तसाच. तिनं ‘येते’ म्हटलं होतं, म्हणून तिची जागा राखलेली होती.

ती परत फिरली. पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. किती वेळ, ते कुणाला माहीत नाही, तेव्हा वेळ मोजायला काही नव्हतंच. कातळ गुळगुळीत झाला तो त्या बसण्यानं, असं सांगतात. हाक येत होती. पोटभर ऐकून झालं असेल असं मी म्हणणार नाही, तसं होत नसतं. पण ती उठली, आणि या खेपेला काही बोलली नाही.

सडा उतरताना तिच्या पाठीमागं हाक येत राहिली म्हणे. शेवटच्या वळणावर नाव अर्ध्यातच थांबलं. वारा बसला. दिवस बुडाला, आणि वाडीतली सगळी तान्ही पोरं एकदम झोपली.

वेसू मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. दिवेलागणीला ती आपल्या पोरांना हाक मारायची, तेव्हा शेजारच्या बायका काम थांबवून ऐकायच्या, इतकंच सांगतात.

“मग ती देवी?” तेजलनं विचारलं. “ती गेली?”

“कधीतरी कुणाला ऐकू येते.”

“आणि ही जागा? इथं नंतर कुणी चित्र नाही काढलं?”

“नाही. तिथं कुणी दगडही ठेवत नाही.”

तेजल त्या गुळगुळीत कातळावर हात ठेवून बसून राहिली. बरोबरच्या मुलानं हळूच विचारलं, “तेजल, मग निनादचं काय करायचं?”

आमच्याकडं कुणाच्याही घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तुमच्याकडंही तसंच असेल. पण आजही या सड्यावरून उतरताना आमच्या वाडीतलं कुणी ‘येतो’ म्हणत नाही. नवी नवरी असो, बोटीवर निघालेला खलाशी असो, माणूस उठतो आणि चालू लागतो. मागं राहिलेल्यानंही ‘परत कधी?’ असं विचारायचं नसतं.

दिवस कलला तशी तिघं उठली. दोघं पुढं गेली. तेजलनं खांद्याला पिशवी लावली, माझ्यापुढं वाकून नमस्कार केला आणि सवयीनं काही म्हणायला तोंड उघडलं. मग एकदा त्या मोकळ्या जागेकडं बघितलं, तोंड मिटलं, आणि ती सडा उतरून गेली.